कोमट पाणी

एप्रिलात ऑल्कटच्या धक्क्यावर जो भेटेल तो एकच विचारतो, पाणी किती? खोली नव्हे, ऊब. बत्तीस फॅरनहाइटला पाणी गोठतं, चाळीसला मासा पेंगत असतो, पंचेचाळीसला खा-खा करत सुटतो. ऑन्टारिओ सरोवर तेव्हा अजून गारठलेलंच असतं; ओढ्याचं गढूळ, जरासं ऊबदार पाणी काठाकाठानं पसरतं आणि ट्राउट, सॅल्मन सगळे तिथंच घोटाळतात. म्हणून गळ-बिळ सगळं नंतर. आधी ऊब हुडकायची आणि ती जाईल तिकडं तिच्यामागं जायचं.

नोरीनही रोज बोट घेऊन ऊब हुडकायलाच निघते, असं ती सांगायची. खरं काय ते अख्ख्या बंदराला ठाऊक होतं. तिचा नवरा लाइल नोव्हेंबरात ह्याच बोटीवरून पाण्यात पडला आणि गेला. इतक्या थंड पाण्यात प्रेत फुगत नाही, वर येत नाही. नोरीनला पुरायला काहीतरी हवं होतं, बस. सात वर्षांची मॅबल अजून रोज रात्री बापाचं ताट मांडत होती. तिला कुठल्या मातीकडं बोट दाखवून सांगायचं?

सासरा ऑर्व्हिल रोज सोबत यायचा. पाठदुखीनं बेजार होता, पण सुनेला एकटीला सोडायला त्याचं मन धजत नव्हतं.

"घरी बसा की, बाबा," ती म्हणायची.

"घरी बसून काय करू? भिंती मोजू?"

त्या सकाळी धुकं होतं. रेडिओवर स्टॅश खाकरला. त्याची बोट ओढ्याच्या तोंडाशी होती.

"नोरीन, इथं चव्वेचाळीस. तुझ्याकडं?"

"बेचाळीस."

"मग म्हाताऱ्याला उतरव पाण्यात. दोन अंश तरी वाढतील!"

"तुझ्या तोंडात सरडा पडो!" ऑर्व्हिल ओरडला, आणि कितीतरी दिवसांनी नोरीनला हसू फुटलं.

गळ खोल नेणारा शिशाचा जड गोळा तिनं तारेनं खाली सोडला. गोळ्यावर तापमापक असतो. त्याचा आकडा सुकाणूच्या चाकाशेजारच्या पडद्यावर उमटतो. गोळ्याच्या वजनानं तार ताणली जाऊन बारीक गुणगुणू लागली.

चव्वेचाळीस. मग एकावन्न. मग चौसष्ट.

"बिघडलं वाटतं." ऑर्व्हिलनं पडद्यावर चापट मारली. आकडा हलला नाही.

तेवढ्यात गळाच्या काठ्या वाकल्या. एक सोडवावी तर दुसरी. पहिला ट्राउट ऑर्व्हिलनं हातात घेतला आणि लगेच खाली टाकला.

"काय झालं?"

"गरम आहे गं."

नोरीननं हातमोजा काढून माशाला हात लावला. झोपेतून उठवलेल्या पोराचा तळवा असतो, तेवढा तो गरम होता. बोटीच्या कडेवर मात्र बर्फाची कड तशीच होती.

ऊब एका जागी राहत नव्हती. उत्तरेला, खोल पाण्याकडं सरकत होती. काठ सोडून इतक्या आत ह्या दिवसांत कुणी जात नाही. नोरीन गेली. ऊब दिसली की मागं जायचं, हेच तर तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं. स्टॅशचा आवाज खरखरत विरला. किनारा धुक्यात गेला. मासे लागायचे थांबले.

ऐंशी. नव्वद.

अठ्ठ्याण्णव. तिथं आकडा थांबला.

दोघांनीही तो वाचला. मॅबलचा ताप उतरला की थर्मामीटरवर नोरीन हाच आकडा बघायची आणि मग निवांत झोपायची.

"बोट वळव," ऑर्व्हिल म्हणाला. "हे आपलं काम नाही. घरी पोर आहे, नोरीन. तिला आई तरी राहू दे."

नोरीनला रडू आलं. त्याचं खरं होतं. तिनं डोळे पुसले आणि चाक फिरवलं.

सत्त्याण्णव.

तिनं वेग वाढवला.

चौऱ्याण्णव. नव्वद. आकडा एकदम घसरत नव्हता. हळूहळू, एकेक अंशानं उतरत होता.

शहाऐंशी.

ऑर्व्हिल पडद्यासमोर येऊन उभा राहिला.

"लाइल गार पडतोय," तो म्हणाला.

"बाबा..."

"फिरव, पोरी. फिरव मागं."

तिनं फिरवलं. आकडा चढू लागला, तसा म्हातारा खाली वाकला. त्यानं बाकाखालच्या पेटीतून कोरडी घोंगडी काढली, झटकली आणि दोन्ही हातांत उघडी धरून बोटीच्या कडेला उभा राहिला.

नव्वद. पंचाण्णव.

अठ्ठ्याण्णव.

नोरीननं इंजिन बंद केलं. पाणी अगदी स्थिर होतं.

मग तार सैल पडली. खालचं वजन कुणीतरी उचलून घेतलं होतं. तारेची वेटोळी एकामागून एक पाण्यावर येऊ लागली, आणि पडद्यावरचा आकडा तसाच होता.