गॅपचं कारण

जुलैची भुरभुर चालू होती. वसमतच्या तहसीलसमोर लिंबाखाली मांडलेल्या करुणाच्या टाइपरायटरवरचं प्लास्टिक वाऱ्यानं उडालं, आणि ती उठेपर्यंत पलीकडून कोणीतरी ते अलगद पकडलंही. पोरगा तेवीस-चोवीसचा असेल. केस ओले, काखेत फाईल. दोघांच्या हातात प्लास्टिकची दोन टोकं, आणि आधी कोणी सोडायचं हेच ठरेना.

"गॅपचं ॲफिडेव्हिट पायजे," तो म्हणाला.

शिक्षणात एखाद-दोन वर्षं वाया गेली की कॉलेज असं प्रतिज्ञापत्र मागतं. इतके दिवस कुठं होतात, का शिकला नाहीत, ते लिहून द्या म्हणतं. करुणाच्या वडिलांचं, भीमराजचं, अर्धं आयुष्य या टेबलावर असले कागद टाइप करण्यात गेलं होतं. त्यांचा दमा वाढल्यापासून टेबल तीच सांभाळत होती, आणि स्वतः बाहेरून बी.ए.ला बसायच्या तयारीत होती. कारणाची ओळ मात्र सगळ्यांची एकच असायची, 'घरगुती अडचणीमुळे'. कोणाला विचारायचीसुद्धा गरज नसे.

तिनं मजकूर घातला. सुरज, राहणार डोंगरकडा, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला प्रवेश, दोन वर्षांचा खंड... आणि सवयीनं पुढची ओळही मारून टाकली. त्यानं कागद वाचला आणि शांतपणे फाडला.

"काहून फाडला?"

"खोटं आहे ते."

"मग खरं काय ते सांगा की."

त्यानं फाईल काखेत घट्ट केली. "उद्या येतो," म्हणाला, आणि गेला.

करुणाच्या मनात पाल चुकचुकली. चांगला स्टॅम्पपेपर फाडणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता. आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. टेबलाच्या पाटीवर तिचं नाव होतं, तरी म्हाताऱ्या माणसांपासून तलाठ्यापर्यंत सगळे तिला ताई म्हणत. हा एवढा एकच होता, जो तिला काहीच म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आला, तेव्हा कारणाची जागा कोरी सोडा म्हणाला. कोरी ओळ बघून तहसीलमधले साहेब सही करणार नाहीत, असं तिनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तर काही काम नसताना आला, समोरच्या बाकावर चहा घेत बसला, आणि तिनं मान वर केली की घाईघाईनं फाईलमध्ये डोकं घालू लागला. फाईल उलटी धरलेली होती.

"लग्नाबिग्नाची भानगड आहे का?" तिनं कागद लावता लावता विचारलं.

"असती तर घरगुती अडचणच लिवली असती न..."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला.

तेवढ्यात एक पोलीस शिपाई चहाला आला. बाकावर थोडं सरका, एवढंच तो म्हणाला. पण सुरज ताडकन उठला. कप खाली, हात मांड्यांना चिकटलेले, नजर जमिनीवर. शिपायाला त्याचं काहीच वाटलं नाही. करुणानं मात्र ते नीट टिपलं.

घरी तिनं ते सांगितलं. भीमराज बराच वेळ खोकले.

"असं उभं राहायला माणूस एकाच जागी शिकतो, लेकरा," ते म्हणाले. "लांब राहा."

लांब राहायचं तिनं ठरवलंही. पण प्रवेशाची मुदत उद्यावर आली, सुरज समोर येऊन उभा राहिला, आणि तिला राहवेना.

"चोरी केली का कोणाचं डोकं फोडलं?"

त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. नांदेडच्या हॉस्टेलवर पिशवीत पाव किलो गांजा सापडला. केस वर्षभर चालली, मग सहा महिन्यांची शिक्षा झाली. कॉलेजातून नाव गेलं, खोली गेली, स्कॉलरशिप गेली.

"पिशवी दोस्ताची होती?" तिनं विचारलं. त्यानं हो म्हणावं असं तिला फार वाटत होतं.

"न्हाई. माझीच. आधी ओढत होतो, मग पोरांना इकू लागलो."

करुणाला संताप आला. त्याचाही, आणि कोण कुठल्या पोराच्या उत्तरासाठी जीव मुठीत धरून बसलेल्या स्वतःचाही.

"मी नेहमीची ओळ मारते," ती शेवटी म्हणाली. "कोणी तपासत न्हाई. परवा तुमी वर्गात."

"पकडलं तवा आईला कळवलं, कॉलेजच्या कॅम्पला चाललो म्हून. ती वाटेला भाकरी बांधून हॉस्टेलवर गेली... पोरांनी तिला सांगितलं. आता खोटं लिवायला हात जात न्हाई."

तिनं खरं ते टाइप केलं. रोज पाठ असलेल्या त्या जागी बोटं तीनदा चुकली. साहेबांची सही झाली, तो कागद घेऊन गेला, आणि तिचा संशय नव्यानं जागा झाला. त्याच लिंबाखाली आणखी चार टायपिस्ट बसत होते. कोणाकडूनही सोपी ओळ घेता आली असती. एक दिवस गेला, दोन गेले. तो आला नाही. शिकत असेल मजेत, असं म्हणून तिनं एका आजीचा वारसाचा अर्ज दोनदा चुकवला.

तिसऱ्या दिवशी तो आला. त्यानं प्रवेशाचा फॉर्म टेबलावर ठेवला. त्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, 'सोबतचे प्रतिज्ञापत्र पाहता प्रवेश नाकारण्यात येत आहे'.

म्हणजे खरा कागदच दिला होता. करुणाला इतका आनंद झाला, की तिला स्वतःची लाज वाटली. समोर त्याचं बी.एस्सी. बुडालं होतं, प्रयोगशाळा कायमची गेली होती, आणि तिचे डोळे भरून आले होते ते भलत्याच कारणानं.

"बी.एस्सी. बाहेरून होत न्हाई," तो म्हणाला. "बी.ए. होतं म्हणे. पहिल्यापासून."

तिनं ड्रॉवरमधून बहिःस्थ बी.ए.चा एक कोरा फॉर्म काढला. स्वतःसाठी आणताना ती दोन घेऊन आली होती. का, ते तिनं तेव्हा स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"परीक्षेचं सेंटर कोणतं टाकू?"

"मी टाकलंय तेच." मग टाइपरायटरकडं बघतच ती म्हणाली, "एक विचारू? तुमी मला ताई काहून म्हणत न्हाई?"

त्याचे कान लाल झाले. "खरं सांगू?"

"इथं खोटं चालत न्हाई."

"पहिल्याच दिवशी... ते प्लास्टिक सोडू वाटंना. मग ताई कसं म्हणावं, करुणा?"

प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या तळाशी एक ओळ असते. ती तिनं आज टाइप केली नाही, तोंडानंच सांगितली.

"वरील सर्व मजकूर खरा व बरोबर आहे. म्हणा."

त्यानं शब्द न् शब्द म्हटला.