सत्ताविसाव्या रात्रीचा चेहरा

पोरांनो, सत्ताविसाव्या रोज्याच्या रात्री, एक वाजून गेल्यावर, तालाआच्या बाजाररस्त्यामागच्या बोळातून तुमच्यापैकी कुणी एकटं गेलंय? नाही ना? मग चहा ओता आणि ऐका. आमच्या शेजारच्या जवादच्या बाबतीत हे घडलं, गेल्याच रमजानमध्ये. त्यानेच मला सांगितलं, याच गच्चीवर बसून.

त्याच्या बायकोने, नजातने, त्याला धूप आणायला पाठवलं होतं. महिनाभर बांधून ठेवलेले जिन त्या रात्री सुटतात, हे तुमच्या आज्यांनी सांगितलंच असेल. घरात धूप हवाच.

"धूप घे आणि सरळ घरी ये," ती म्हणाली. "कॅमेरा ठेव घरात."

त्याने ठेवला नाही. ठेवणार कसा? कासाब्लांकाच्या एका फोटोंच्या प्रदर्शनवाल्याने त्याला ईदपर्यंत मुदत दिली होती. तो म्हणाला होता, "पाठी झाल्या, हात झाले, गाढवं झाली. माणसांचे चेहरे कुठायत?" चेहरे मिळाले नाहीत तर कॅमेरा बंद करून सासऱ्याच्या चपलांच्या दुकानावर बसायचं, हे घरात ठरलेलं.

वर्षभर तो जुन्या फेस शहराच्या बोळाबोळांतून हिंडला होता. कॅमेरा वर केला की बायका तोंड झाकायच्या, पुरुष हात आडवा धरायचे. पुदिनावाला म्हातारा तर म्हणायचा, "माझ्या जुडीचा काढ की. ती लाजत नाही."

त्या रात्री त्याला वाटलं, आज कोण नाही म्हणेल? पहिला रोजा धरलेल्या पोरींना नवरीसारखं नटवून सगळं गाव फोटो काढायला बाहेर पडतं. पण गर्दी होती ती फोटोवाल्या बुशताकडे. बुशताने चौकात सोनेरी खुर्ची मांडलेली, वर दिवे, समोर लांबलचक रांग. जवादने रांगेतल्या एका पोरीकडे कॅमेरा वळवला, तर तिचा बाप मध्ये आला.

"चोरून कशाला काढतोस रे?"

"चोरून नाही, भाऊ. समोर तर उभा आहे."

"ए कलाकार," बुशता ओरडला, "माझी रांग तरी सांभाळ. तेवढं जमेल तुला."

सगळे हसले. जवादने धुपाची पुडी खिशात कोंबली आणि तडक चालू लागला. रागाच्या भरात मागच्या बोळात शिरला. तिथल्या घरांना लाकडी टेकू लावलेत, आता कुणी राहत नाही. एकच दिवा होता.

दिव्याखाली एक बाई उभी होती. हाताशी सात-आठ वर्षांची पोर. हिरवा अंगरखा, डोक्यावर मुकुट.

"भाऊ, हिचा एक काढता? तिकडे रांग फार आहे. पोर दमलीय."

वर्षभरात पहिल्यांदा कुणी आपणहून म्हटलं होतं. पोर थेट त्याच्याकडे बघत होती, मोठ्या मोठ्या डोळ्यांनी. असाच चेहरा त्याला हवा होता. त्याने बटण दाबलं. पडद्यावर पाहिलं.

डोळे मिटलेले.

"मिटलेस गं, बाळा. परत."

परत काढला. मिटलेले. तिसऱ्यांदा. मिटलेले. मान वर करून बघावं तर पोर टक लावून बघतेय, पापणी हलत नाही. जवाद वैतागला. दिवा सोडून, कोन बदलून, गुडघ्यावर बसून, भिंतीला टेकून काढले. सगळ्यांत मिटलेले.

"हिला जरा सांगा ना, काकी."

"काय सांगू?" बाई म्हणाली. "डोळे उघडे असलेला हिचा फोटोच नाही माझ्याकडे."

"एकही नाही?"

"एकही नाही..."

बोळात दुसरा आवाज नव्हता. चौकातला गलबलासुद्धा नाही. हे जवादच्या तेव्हा लक्षात आलं. निघावं असं वाटलं. पण तो चेहरा... तो चेहरा समोर होता.

"एकदाच," बाई म्हणाली. "तुम्ही मिटा. मग ती उघडेल."

तो मला म्हणाला, चाचा, मी का ऐकलं तिचं, ठाऊक नाही. इतका कंटाळलो होतो की... ऐकलं.

त्याने डोळे मिटले.

बोट बटणावर होतं. कुणीतरी जवळ आलं. पावलं वाजली नाहीत. उजव्या पापणीवर काहीतरी गार टेकलं. बारीक. सावकाश फिरलं.

मग डावीवर...

त्याने बटण दाबलं.

डोळे उघडले तेव्हा बोळात कुणी नव्हतं. पडद्यावर पोर होती. डोळे उघडे. जन्मात काढला नसेल असा फोटो. तो घरापर्यंत पळत आला, दिवा न लावता अंथरुणात शिरला.

सकाळी नजातने त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातली परात तशीच राहिली.

"तुझ्या डोळ्यांत काजळ कुणी घातलं?"

बारीक, नीट घातलेलं. आई पोरीला घालते तसं. त्याने साबण लावला, तेल लावलं, पापण्या सोलवटेपर्यंत चोळल्या. निघेना. मग त्याने कॅमेऱ्यातून तो फोटो पुसून टाकला. काजळ राहिलं. कॅमेरा बंद करून तो तसाच जाऊन सासऱ्याच्या दुकानावर बसला.