दगडी कुंडीतलं पाणी

वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. हे माझ्याच घरात झालंय.

अल थुमामा, दोहा. गेल्या जुलैतला शुक्रवार. दुपारचे दोन.

हो, दुपारीच. बाहेर भाजून काढणारं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मी रोझी. माहेर-सासर दोन्ही वसई. नवरा रॉबर्ट, इथे एसी दुरुस्तीच्या कंपनीत, आणि सात वर्षांची आमची कॅरल.

त्याआधी जूनमध्ये आम्ही दहा दिवस इंग्लंड फिरलो. रॉबर्टला इतिहासाचं भलतं वेड. लोक लंडन बघतात, आम्ही आपले खेडोपाडी! पडके मठ, जुनी चर्चेस, मेंढ्या चरणाऱ्या टेकड्या. आणि प्रत्येक पाटीसमोर थांबून हा फोटो काढणार.

अशाच एका खेड्यात चर्चच्या मागे एक दगडी कुंडी होती. काठोकाठ पाणी.

आमच्या घरात एक पद्धत आहे. लांबच्या चर्चला गेलं की तिथलं पवित्र पाणी बाटलीत भरून आणायचं, दाराशी ठेवायचं, आणि बाहेर पडताना मुलांच्या कपाळावर त्याने क्रूस काढायचा. आई करायची, मीही करते.

"अगं, आधी पाटी तर वाच," रॉबर्ट म्हणाला.

"तूच वाच. बस सुटेल," मी म्हटलं आणि बाटली बुडवली.

पाणी जरा बुळबुळीत लागलं. मी हात जीन्सला पुसला, बस.

त्या शुक्रवारी दाराजवळची जुनी बाटली संपली होती. चर्चला मिस्सासाठी निघताना मी ही इंग्लंडची उघडली आणि कॅरलच्या कपाळावर क्रूस काढला.

मिस्सा झाली, घरी आलो, जेवलो. द पर्ल भागातल्या एका टॉवरचा एसी बंद पडला म्हणून रॉबर्टला कामावर बोलावलं. कॅरल झोपली. मी भांडी घासत होते.

आणि वास आला...

मासळीचा नव्हे. तो मला कळतो, वसईची आहे मी! हा गोडसर होता. कुजका. कचऱ्याचा डबा पाहिला, फ्रिज पाहिला, सिंकची जाळी काढून घासली. काही नाही.

वास कॅरलच्या कपाळाला येत होता.

शी! पोटच्या पोरीला हुंगून मला उमासा आला. साबणाने पुसलं, तीनदा पुसलं. वास हलेना. कॅरलही जागी होईना.

तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला...

छप्.

फडकं पाण्यात बुडवल्याचा. मग पिळल्याचा.

धावत जाऊन दार उघडलं. टब कोरडा, नळ बंद.

परत आले, तर कॅरलचे केस ओले होते... मधोमध भांग पाडलेला. दोन्ही हात छातीवर जुळवलेले.

मी रॉबर्टला फोन लावला. "त्या कुंडीच्या पाटीचा फोटो उघड. वाच!"

"आत्ता? झालं काय?"

"वाच म्हणते ना!"

त्याने वाचलं. प्लेगच्या साथीत त्या गावातली प्रेतं त्या कुंडीच्या पाण्याने धुवायचे. धुणारी एकच बाई. तिने अख्खं गाव धुतलं, स्वतःची चार मुलंसुद्धा. शेवटी ती गेली, तेव्हा...

"तेव्हा काय?"

"तिला धुवायला कुणी उरलं नव्हतं. एवढंच लिहिलंय. रोझी, कॅरल कुठाय?"

कॅरलचे ओठ निळे पडत होते.

"अॅम्ब्युलन्स बोलव!" मी ओरडले.

बाथरूममध्ये पुन्हा... छप्.

कॅरल डोळे न उघडता पुटपुटली, "मम्मा, शी सेज, नाऊ यू वॉश हर."

मी धुतलं.

काय करणार होते? पोर हातातून चालली होती.

टब रिकामाच दिसत होता. काठावर एक ओलं, मळकट फडकं. आमच्या घरातलं नव्हे. मी ते उचललं, डोळे मिटले आणि हात खाली नेला.

हाताला लागलं...

थंडगार. गिळगिळीत. कातडी माझ्या बोटांबरोबर सरकत होती. काखेत अंड्याएवढी गाठ, ती दाबली गेली आणि फुटली. मी तिथेच ओकले. तोंड पुसलं, परत धुवायला घेतलं. पाठ, पोट, पायाची बोटं. तोंडाने एकसारखी "नमो मरिये" प्रार्थना चालू होती.

मग हाताखाली काहीच उरलं नाही. फडकंही नाही.

"मम्मा, आय अॅम हंग्री," बाहेरून कॅरलचा आवाज आला.

तिच्या ओठांवर रंग परत आला होता. कपाळाला साबणाचा वास, बाकी काही नाही. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी तपासलं, मुलगी ठीक आहे म्हणाले. बाटली मी त्याच संध्याकाळी फेकली.

रॉबर्ट म्हणतो, तुला ऊन लागलं होतं. असेल बाबा. मी वाद घालत नाही.

पण तो वास आता माझ्या हातांना येतो. लिंबू झालं, बेसन झालं, व्हिनेगर झालं. स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही.

कॅरल ठणठणीत आहे. शाळेत जाते, खेळते. फक्त माझ्या हातचं खात नाही. घास पुढे केला की नाक दाबते.

काल मी तिचे केस विंचरायला गेले. ती मागे सरकली.

"नो, मम्मा. लेट डॅडी डू इट."

मी कंगवा रॉबर्टला दिला. तिला रागवू तरी कशी? वास मलाही येतो.