परत म्हणून दाखवा

"गोळी जेवणानंतर, दिवसातून दोनदा," औषधांच्या दुकानदाराने सांगितलं.

"जेवणानंतर, दिवसातून दोनदा. बरोबर?" रांगेतला पुढचा तरुण म्हणाला.

मागे उभी असलेली ती चमकली. हा 'बरोबर?' सहा महिने ती रोज ऐकत होती... फोनवर! हवामान कार्यालयातून ती बंदराच्या मनोऱ्यावर वाऱ्याचा अंदाज कळवायची. मनोऱ्यावरच्या माणसाने ऐकलेला शब्द न् शब्द परत म्हणून दाखवायचा आणि मगच बावटा चढवायचा, असा नियम होता.

"बावटेवाले?"

तो गर्रकन वळला. "हवामानबाई! आज आकाश निरभ्र म्हणालात ना?" बाहेर पाऊस मी म्हणत होता. त्याची नजर तिच्या हाताकडे गेली. "आणि स्वतः मात्र छत्री घेऊन फिरता!"

तिला हसू आवरेना. "या आत. अर्धी तुमची."

त्या अर्ध्या छत्रीला दोन महिने झाले. एव्हाना संध्याकाळी बंदरापर्यंत सोबत चालणं ठरूनच गेलं होतं. सगळ्या विषयांवर बोलून झालं होतं, मनातलं तेवढं राहिलं होतं. तो बोलेल म्हणून ती थांबली होती, आणि तो... तो तर सांगितलेलंच परत म्हणणारा!

आणि मग ते वादळ आलं.

जोराचा वारा बंदरावर चार वाजता पोहोचेल, असं तिने सकाळी कळवलं होतं. त्याच भरवशावर तो मनोऱ्यावर थांबला होता, होड्यांना दिवा दाखवत. मनोरा समुद्रात गेलेल्या लांब भिंतीच्या पार टोकाला, आणि परतीची वाट त्या भिंतीवरूनच. दुपारी एक वाजताचं उपग्रह-चित्र आलं. वादळाचा वेग दुप्पट झाला होता. वारा अडीचलाच येणार होता.

"एका चित्रावर विसंबू नका," साहेब म्हणाले. "पुढचं येऊ दे. मागच्या वर्षीचं आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं! तिने सगळ्या होड्या परत बोलावल्या होत्या आणि झाडाचं पानही हललं नव्हतं. गावभर हसं झालं होतं. पुन्हा चुकलं तर तिचा शब्द कुणी मानणार नव्हतं. पण चित्र खरं असेल, तर चारच्या भरवशावर तो तिथेच अडकणार होता.

"होऊ दे हसं," ती म्हणाली आणि फोन उचलला.

"वारा अडीचला. त्याआधी उतरा."

"वारा अडीचला. त्याआधी उतरायचं. बरोबर? शेवटची होडी दिसतेय, ती आत आली की निघतो."

"बरोबर. आणि..." तिने साहेबांकडे पाठ फिरवली. "आणि मला..."

फोन बंद पडला. तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला. काहीच नाही.

दोन वाजले. सव्वादोन झाले. अडीच वाजायला पाच मिनिटं असताना छतावरचं वारा मोजायचं यंत्र भन्नाट फिरू लागलं. खिडकीतून भिंत दिसत होती... मग लाट आली आणि भिंत दिसेनाशी झाली. ती खिडकीला चिकटून उभी राहिली. साहेबांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली, पण तिचं लक्ष कुठे होतं!

दार धाडकन उघडलं.

तो उभा होता. नखशिखांत भिजलेला, एका पायात बूट, हातात नोंदवही. "शेवटची होडी आत आली," तो धापा टाकत म्हणाला. "मी भिंत ओलांडली आणि मागे लाट..."

तिचा जीव भांड्यात पडला. पडला आणि डोळ्यांतून वाहूही लागला.

"पण बाई, तुमचा निरोप अर्धाच पोहोचला." त्याने वही उघडली. पान ओलं झालं होतं, तरी अक्षरं वाचता येत होती. "'आणि मला...' यापुढे काय लिहू?"

साहेब एकदम नकाशा बघण्यात गढून गेले.

"आणि मला..." तिने डोळे पुसले, "मला तुमच्याशिवाय करमत नाही."

आठ महिने शब्द न् शब्द म्हणून दाखवणारा माणूस नुसता बघत राहिला.

"नियम आहे ना?" ती म्हणाली. "परत म्हणून दाखवा."

"मला तुमच्याशिवाय करमत नाही," तो म्हणाला. अगदी हळू, एकेक शब्द.

ती पुढच्या 'बरोबर?'साठी थांबली. बाहेर वारा घोंघावत होता. तो 'बरोबर?' आज आलाच नाही.