बिटरेट वाढवला तेव्हा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी मी छोटी ॲनिमेशन फिल्म केली होती. एक्स्पोर्ट, म्हणजे तयार फिल्मची शेवटची फाइल काढणं, तेवढं राहिलं होतं. फाइल कारखान्याबाहेर न्यायची नाही अशी मॅनेजर धैर्यशीलची अट, म्हणून सुट्टीच्या दुपारी मी तिथंच वरच्या ऑफिसात बसले. खाली शेड रिकामी, भट्टी थंड. जळक्या वाळूचा वास मात्र भिंतींत मुरलेला.

फिल्म एका अपघाताची होती. यल्लाप्पा नावाचा कामगार क्रेनवरून सुटलेल्या साच्याखाली सापडून मेला होता. धैर्यशीलनं लिहून दिलं तसं मी दाखवलं होतं : शेडमध्ये यल्लाप्पा एकटाच, क्रेनचा रिमोट त्याच्याच हातात, त्यानंच चुकीचं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी ती चौकशी अधिकाऱ्यांपुढं लावायची होती.

माझ्या फोनवर मावेल एवढी लहान फाइल कर, असं त्याचं सांगणं. म्हणून पहिल्यांदा बिटरेट अगदी कमी ठेवला. म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला माहिती थोडी द्यायची. असं केलं की आधी काळोख बिघडतो, त्यात चौकोनी ठिपके पडतात. तसे ते पडले. पण खांबाजवळचे ठिपके हलत होते. सरकत सरकत एका जागी गोळा होत होते.

मी बिटरेट वाढवला, पुन्हा एक्स्पोर्ट केलं. ठिपक्यांचा खांदा झाला.

आणखी वाढवला. खांबाला टेकून एक माणूस उभा होता... आणि रिमोट त्याच्या हातात होता.

मूळ चित्रं मी एकेक करून उघडली. तिथं नुसता खांब आणि अंधार. कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल दाबून लहान करणं, चित्रातलं काढून टाकतं, नवीन काही घालत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यात तापल्या लोखंडाचा वास आला. खाली साखळी वाजली. गॅलरीत जाऊन पाहिलं, तर क्रेनचा हूक सावकाश झुलत होता. शेडमध्ये कुणी नव्हतं.

मी धैर्यशीलला बोलावून घेतलं. तो आला, स्क्रीनकडे एकदाच बघितलं आणि नजर खिडकीकडे वळवली.

"क्वालिटी कमी कर," तो हळू आवाजात म्हणाला. "अंधारातलं कुणाला बघायचंय?"

हा माणूस कोण, असं त्यानं विचारलंच नाही.

तो गेला आणि माझं डोकं सणकलं. मेलेल्या माणसावर घातलेला आळ मी रंगवून, हलवून, जिवंत करून दिला होता. माझ्या हातांनी. मी सेटिंग्ज पुन्हा उघडली. बिटरेट जेवढा चढेल तेवढा चढवला. काळ्या रंगातल्या बारीक छटा मरू नयेत म्हणून दहा बिटचा रंग घेतला. एन्कोडिंग दोन फेऱ्यांचं लावलं : पहिल्या फेरीत सगळी फिल्म नुसती तपासायची, दुसऱ्या फेरीत लिहायची. पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत होती, खाली साखळी वाजत होती. वाजू दे, म्हटलं. भीती केव्हाच जळून गेली होती.

फाइल तयार झाली. खांबाजवळच्या माणसाला आता चेहरा होता. धैर्यशीलचा.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या हॉलमध्ये अधिकारी होते, कामगार होते आणि पुढच्या खुर्चीवर यल्लाप्पाची बायको, यल्लव्वा. फिल्म लावायच्या आधीच ती उठून म्हणाली, "आमच्या मालकांनी त्या रिमोटला कधी हात लावला न्हाई. धा जणांस्नी सांगून दमले मी." तिला बसायला सांगितलं गेलं. मी फिल्म लावली.

शेवटच्या दृश्यात तो माणूस खांबापासून सुटला आणि उजेडात आला. धैर्यशील उभा राहिला. ओठ पांढरे पडले होते.

"मी मुद्दाम बटण दाबलं न्हवतं..." तो म्हणाला. "त्यो खाली हाय, हे मला... दिसलंच न्हाई."

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. अधिकाऱ्यांनी दार लावून घेतलं आणि तेच पुन्हा सावकाश सांगायला लावलं. संध्याकाळी पोलीस त्याला घेऊन गेले. यल्लाप्पाच्या नावावरचा ठपका त्याच बैठकीत पुसला गेला.

गेटजवळ यल्लव्वानं माझं मनगट धरलं. आम्ही आधी कधी भेटलो नव्हतो, हॉलमध्येही माझी ओळख कुणी करून दिली नव्हती.

"तुमचं नाव क्रांती न्हवं?"

"हो. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आत्ता फिल्ममधी त्येच म्हनाले की," ती म्हणाली. "साचा पडायच्या आधी... मला सोडून सारखं तुमालाच हाका मारत हुते."

त्या फिल्मला आवाजच नव्हता. एक्स्पोर्ट करताना 'ऑडिओ'पुढच्या चौकोनातली खूण मीच काढून टाकली होती.