तिसऱ्या गिअरमधला खोकला

धम्मपाल मिस्त्रीच्या हाताला गुण होता, हे पेठ रोडला कुणालाही विचारा. गिअरबॉक्सचं काम निघालं की लोक सिन्नरहून गाडी बांधून ओढत त्याच्याकडे आणायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तो गिअरबॉक्सला टेकवायचा, मूठ कानाशी धरायचा आणि डोळे मिटायचा. "बेअरिंग गेलंय," म्हणायचा, नाहीतर "दात झिजलेत." खोललं की अगदी तेच निघायचं. काम झालं की पंच ठोकून गिअरबॉक्सच्या पोटावर तीन ठिपके उमटवायचा, त्रिकोणात. ही त्याची सही. त्या सहीचा त्याला भारी अभिमान.

त्या रविवारी दुपारी त्याची मुलगी तेजल तिची गाडी घेऊन गॅरेजवर आली. तेजल घाटापलीकडच्या पेठ गावच्या दवाखान्यात नर्स. रोजचं जाणं-येणं सावळ घाटातून, म्हणून महिन्याभरापूर्वी तिनं एक जुनी पांढरी मोटार घेतली होती.

"पप्पा, तिसरा टाकला की नुसती रडते हो ही. उद्या सकाळी ड्यूटी आहे. बघा ना जरा."

"बावीस वर्षांची म्हातारी ती, कुरकुर करणारच," धम्मपाल हसला. "आवाज करते तोवर भ्यायचं नाही. आण खड्ड्यावर."

एप्रिलचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आजूबाजूची दुकानं बंद. गाडीची पुढची चाकं जॅकवर उचलली, तेजलनं इंजिन चालू करून तिसरा टाकला आणि मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर घेऊन गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. त्यानं मूठ कानाला लावली.

घरघर होती. पण तिच्या खाली आणखी काहीतरी होतं. कुणीतरी खोकत होतं. घशात पिठाची फक्की अडकावी तसा कोरडा, खोल खोकला... पुरुषाचा.

"बंद कर," तो म्हणाला.

इंजिन बंद झालं. खोकला थांबला नाही.

"तेजल... तू खोकलीस का गं?"

"नाही. का हो?"

 त्यानं चिंधीनं गिअरबॉक्सवरची काळी घाण पुसली. खाली तीन ठिपके. त्रिकोणात. आणि त्यांच्यावरून गेलेली एक जुनी, वेल्डिंगनं सांधलेली चीर.  असा चिरलेला एकच गिअरबॉक्स त्याला माहीत होता.

आता हे ऐका. अकरा वर्षांपूर्वी महेश नावाचा जुन्या गाड्यांचा एक व्यापारी त्याच्याकडे यायचा. गिअरबॉक्स ओरडणारी गाडी विकली जाईना, की महेश म्हणायचा, "मिस्त्री, हिचं तोंड बंद करा." मग धम्मपाल शेजारच्या सुताराकडून सागाचा भुसा आणायचा आणि ऑइलमध्ये कालवून आत भरायचा. गाडी लोण्यासारखी चालायची. आठ-पंधरा दिवस. नंतर भुशाचे गोळे व्हायचे आणि गिअर केव्हा अडकेल याचा नेम नसायचा. त्या उन्हाळ्यात अशा किती गाड्यांत भुसा भरला ते त्यालाही आठवत नव्हतं. त्यांतली एक पेठच्या चिमाजीनं घेतली. नवव्या दिवशी घाटाच्या उतारावर चाकं जागीच जाम झाली आणि मागून कांद्याचा ट्रक येऊन आदळला. गिअरचा दांडा चिमाजीच्या गळ्यातून आरपार गेला होता. लोक म्हणाले, पिऊन चालवत असेल. त्याची बायको नवसाबाई गॅरेजच्या पायरीवर दिवसभर बसली होती. तिनं एवढंच विचारलं, "मिस्त्री, गाडीत काय व्हतं का?"

"नाही बाई. गाडी ठणठणीत होती," धम्मपाल म्हणाला होता.

गाडी भंगारात गेली; ठिपक्यांवरून चिरलेला तिचा गिअरबॉक्स धम्मपालनं तिथंच पाहिला होता. गिअरबॉक्स कुणीतरी सांधला आणि फिरत फिरत तो आज पोरीच्या गाडीत बसून घरी आला होता.

मिस्त्रीच्या डोक्यात एकच आलं: तेजलनं हे पाहता कामा नये. पोरगी रोज त्याच गावात सुया टोचते, तिच्यापुढे कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

"तू जा, चहा टाक. किल्ली ने सोबत," त्यानं सांगितलं. तेजल मागच्या खोलीत गेली. त्यानं बॅटरीची वायरसुद्धा काढून ठेवली, ऑइलचा नट सोडला आणि बाजूचं झाकण उघडलं.

ऑइल आलंच नाही. लगदा आला, थुलथुलीत, कोमट. वास ताज्या कापलेल्या सागाचा, आणि त्याखाली रक्ताचा. पोरगी यायच्या आत सगळं उपसून टाकावं म्हणून त्यानं उजवा हात आत घातला. एक मूठ काढली, दुसरी काढली. भुसा संपेना. त्यानं हात आणखी आत सारला.

तेव्हा गिअर फिरले.

हळूच फिरले, एकच दात. त्याचं मधलं बोट सुपारी फुटावी तसं फुटलं. तो किंचाळला, हात ओढला, तसे गिअर पुन्हा फिरले आणि शेजारची दोन बोटं आत गेली. हाडांचा कटकट आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला. रक्त कोपरावरून ओघळून तोंडावर पडू लागलं.

तेजल धावत आली, खड्ड्यात उडी मारली. "अगं बाई! पप्पा! किल्ली तर माझ्या हातात आहे, मग हे फिरतंय कसं?" तिनं ओढणी काढून त्याच्या दंडाला करकचून आवळली. हात सुटेना.

"चिमाजी... सोड रे... लेकरासमोर नको..."

"कोण चिमाजी? नवसाबाईंचे?" तेजलचा हात थबकला. नवसाबाई दर मंगळवारी तिच्याकडे बीपीच्या गोळ्यांना यायची आणि दरवेळी सांगायची, आमच्या मालकानं कधी दारूला शिवलं नाही. कुणी खरं मानायचं नाही. तेजलनंही मानलं नव्हतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवसाबाईचाच. रक्ताच्या बोटांनी तिनं स्पीकर लावला.

"सिस्टर, जरा डोळा लागला व्हता... मालक आलं व्हतं. खोकत व्हतं लय. बोललं, मिस्त्रीला इचार, पोरीजवळच हाय त्यो." मग आवाज अगदी खाली आला. "मिस्त्री... गाडीत काय व्हतं का?"

अकरा वर्षं जिभेवर बसलेलं खोटं, ते आपोआपच बाहेर पडलं. "नाही बाई... ठणठणीत..."

गिअर फिरले. मनगटाचं हाड मोडलं.

"होता!" धम्मपाल गुरासारखा ओरडला. "भुसा होता! मीच भरला! चिमाजी प्यायला नव्हता... मी मारला त्याला, मी!"

आत कुणीतरी एकदाच मोठ्यानं खोकलं, घसा मोकळा करावा तसं. मग दात सैल झाले आणि हाताचं जे उरलं होतं ते बाहेर आलं.  फोनवर नवसाबाई म्हणाली, "अकरा वर्सं माझी पोरं बेवड्याची पोरं म्हणून जगली, मिस्त्री." आणि तिनं फोन ठेवला.

हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली. दवाखान्यातून सुटल्यावर धम्मपालनं चौकीत जाऊन सगळं लिहून दिलं. चिमाजीच्या दारात जाऊन, चारचौघांत पायरीवर डोकं टेकवलं. तेजल त्याच्याशी बोलत नव्हती, पण रोज पट्टी बदलायची. तरी त्याला हलकं वाटत होतं. चला, एकदाचं फिटलं, असं त्यानं मनाशी धरलं.

दीड महिन्यानं, भर दुपारी, गॅरेज कायमचं बंद करायला म्हणून तो गेला. कुलूप त्याचंच, किल्ली त्याच्याच खिशात. त्यानं शटर वर केलं.

खड्ड्यावर एक लाल गाडी उभी होती. जुनी. धुळीनं माखलेली, पुढची काच फुटलेली, आत कुणी नाही. ही गाडी त्यानं एकदाच पाहिली होती, त्याच उन्हाळ्यात, महेशनं भुसा भरायला आणली तेव्हा. पुढे तिचं काय झालं ते त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

तो मागे फिरणार, तोच खालून आवाज आला. खोकल्याचा. पण हा खोकला बारीक होता, रडता रडता मध्येच थांबणारा... चार-पाच वर्षांच्या लेकराचा.

त्यानं वाकून पाहिलं. गिअरबॉक्सचं झाकण आधीच उघडून ठेवलेलं होतं.

धम्मपाल खड्ड्याच्या पायऱ्या उतरू लागला. त्याचा डावा हात अजून शाबूत होता.