बहात्तर कोरे फोटो

"आत्याचा हात लागला असेल, दुसरं काय!" वहिनी हसत हसत म्हणाली, आणि टेबलाभोवतीचे सगळे जण, हसावं की न हसावं या विचारात, आपापल्या चहाच्या कपात बघू लागले.

टेबलावर मधोमध फिल्मची एक लांब पट्टी पडली होती. काचेसारखी स्वच्छ, कोरी करकरीत! वहिनीच्या वीस वर्षांच्या लेकीने, म्हणजे चिवूने, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने धुतलेला रोल. आठ दिवस पोरीने घर डोक्यावर घेतलं होतं, न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद डकवला होता, सगळ्यांच्या अंघोळी खोळंबून ठेवल्या होत्या, आणि एवढं करून पदरात पडलं काय, तर हे! पण ती रडत नव्हती. उलट काहीतरी गंमत सापडल्यासारखे तिचे डोळे चमकत होते.

आक्का, म्हणजे चिवूची आत्या, मात्र खाली मान घालून बशीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. बावीस वर्षं... बावीस वर्षं हा टोमणा या घरात मुक्कामाला होता. कुणाचा फोटो हलला, कुणाचं बटण दाबायचं राहिलं, की वहिनीचं ठरलेलं, आत्याचा हात लागला असेल! एव्हाना सवय व्हायला हवी होती. पण अंतःकरणाला असल्या गोष्टींची सवय कुठे होते?

तसा रविवार हा या घराचा सर्वांत लाडका दिवस. दुपारची जेवणं आटोपली की टेबल पुसून फोटो मांडायचे. मोबाईलमधले मुळीच चालत नसत. रोलच्या कॅमेऱ्याने काढलेला, कागदावर छापलेला, माणशी एक फोटो. ही रीत अण्णांनी घालून दिलेली. अण्णा म्हणजे आक्काचे आणि तिच्या धाकट्या भावाचे वडील, वय चौऱ्याऐंशी, आवाज अजून खणखणीत. अर्ध्या गावाची लग्नं त्यांच्या स्टुडिओच्या कॅमेऱ्यासमोर लागली होती. त्यांचा नियम एकच, फोटो काढणाऱ्याने तोंड मिटून बसायचं आणि बाकीच्यांनी बोलायचं. "फोटो चांगला असेल तर तो स्वतः बोलेल, आणि वाईट असेल तर तुमच्या बोलण्याने काय सुधारणार आहे?" असा त्यांचा रोकडा सवाल.

मग काय, सगळ्यांना रान मोकळं! भाऊच्या फोटोतली माणसं हमखास डावीकडे कललेली. भाऊ लिफ्ट दुरुस्तीच्या कामात होता. "लिफ्टवाला आहेस म्हणून बरं, गवंडी असतास तर गाव तिरकं झालं असतं," असं अण्णा त्याला सुनवत. अडकलेल्या माणसांना सोडवण्यात भाऊचा हात कुणी धरला नसता, पण बायको आणि बहीण यांच्यामध्ये तो स्वतः बावीस वर्षं अडकून पडला होता आणि त्याची सुटका करायला कुणी आलं नव्हतं. वहिनी मांजरांचे फोटो काढी, आणि मांजरं तिला फक्त शेपट्या देऊन जात. आणि आक्का? तिला कुणी बंदी केली नव्हती. तिनेच कधी या टेबलावर आपला फोटो ठेवला नाही. ती दुसऱ्यांच्या फोटोत काहीतरी गोड शोधून काढी आणि चहा ओतत राही.

त्याला कारण होतं भाऊचं लग्न.

त्या दिवशी कॅमेरा आक्काच्या हातात होता. छत्तीस-छत्तीसचे दोन रोल, बहात्तर फोटो. संध्याकाळी रोल अण्णांच्या हवाली करून ती पाहुण्यांच्या सरबराईला हॉलवरच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उमेदीने स्टुडिओत शिरली, तर दोरीवर दोन आरपार दिसणाऱ्या पट्ट्या लटकताहेत आणि खाली स्टुलावर अण्णा डोकं धरून बसलेत.

"एकही आला नाही गं... पोटच्या पोराच्या लग्नाचा एकही नाही! शटर तरी उघडत होतं का? बघितलं होतंस?"

आक्काने पट्टी उजेडाला धरली, आणि तिची नजर काठावरच थांबली. फिल्मच्या काठावर कारखान्यातूनच बारीक आकडे छापून येतात. शटर उघडो न उघडो, फिल्म धुताना डेव्हलपरच्या द्रावणात ते उमटतातच. इथे आकड्यांचाही मागमूस नव्हता! म्हणजे डेव्हलपरच्या आधी डब्यात शेवटी घालायचा हायपो पडला होता, आणि जे जे उमटायचं होतं ते हायपोने कायमचं धुऊन नेलं होतं. कपाटात शेजारी शेजारी उभ्या दोन सारख्या तपकिरी बाटल्या... आणि मोतीबिंदू लपवणारे अण्णा! गेलं वर्षभर ते रेडिओवर ऐकलेल्या बातम्या पेपर समोर धरून घरच्यांना 'वाचून' दाखवत होते, आणि हे गुपित एकट्या आक्काला ठाऊक होतं. नसलेले आकडे त्यांना दिसले नाहीत, आणि असते तरी दिसले नसते.

एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. चाळीस वर्षांचं नाव, ती ताठ मान, 'मास्तरांचा हात' म्हणून गावाने केलेलं कौतुक... स्वतःच्या मुलाच्या लग्नाची माती आपल्याच हाताने झाली हे कळलं, तर हा माणूस उभ्या उभ्या कोसळेल! आणि आक्का बोलून गेली,

"शटर अडकलं होतं, अण्णा. मी तपासायला विसरले. माझीच चूक."

अण्णांनी एक दीर्घ निःश्वास सोडला. तो सुटकेचा होता हे फक्त तिला कळलं. मग तिच्या मस्तकावर हात ठेवून ते गंभीरपणे म्हणाले, "जाऊ दे, पोरी. मी तुला माफ केलं."

पुढच्याच आठवड्यात 'माझे डोळे तपासायचेत, सोबत चला' असं सांगून ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, आणि तपासणी झाली ती अण्णांची. ऑपरेशन होऊन नजर परत आली, मान ताठ राहिली. आक्काला मात्र पुन्हा कुणी लग्नाचे फोटो काढायला बोलावलं नाही. ज्या हातांनी नवरीच्या पापणीवरचं पाणी टिपलं असतं, ते हात पुढे वीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढत राहिले. हनुवटी वर, हसू नका, झालं, पुढचे या!

तेही तिने आनंदाने सोसलं असतं. पण लग्नानंतर चौथ्याच महिन्यात वहिनीचे वडील अचानक गेले, आणि लेकीबरोबरचे त्यांचे शेवटचे फोटो त्या बहात्तरांत होते. वहिनीने त्या दोन कोऱ्या पट्ट्या एका पाकिटात घालून आपल्या कपाटात ठेवल्या, आणि आक्काशी बोलणं टोमण्यापुरतं ठेवलं. आक्काने कधी तिला दोष दिला नाही. बिचारीचं दुःख खरं होतं!

"आई, उगाच आत्याला बोलू नकोस. हात माझाच लागला," चिवू आज सांगत होती. "मी बाटल्यांची अदलाबदल केली. हायपो आधी, डेव्हलपर नंतर! पण गंमत बघा ना, नुसते फोटोच गेले नाहीत, काठावरचे आकडेसुद्धा गेले. शटर बिघडलं असतं तर आकडे तरी आले असते."

"चिवू, चहा गार होतोय तुझा," आक्का घाईघाईने म्हणाली.

"होऊ दे गं. म्हणजे नुसत्या पट्टीवरून कळतं, चूक कॅमेऱ्यात झाली की धुताना!"

वहिनीच्या हातातला कप हवेतच थांबला. "आकडेसुद्धा जातात?" तिने हळूच विचारलं. मग कप खाली ठेवून ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार करकरलं. आज नको... आक्का मनातल्या मनात आकांताने विनवत होती. एवढी वर्षं जपलं, आता या म्हाताऱ्या जिवाला कशाला? पण वहिनी पिवळं पडलेलं पाकीट घेऊन आली, आणि तिने दोन्ही जुन्या पट्ट्या लेकीच्या पट्टीशेजारी अंथरल्या.

चिवू वाकून बघू लागली. "अगं आई... यांच्यावरही आकडे नाहीत. मग शटरचा काय संबंध?"

"काहीतरीच! जुनं झालं की पुसले जातात आकडे," आक्का म्हणाली. खोटं बोलायची तिला बावीस वर्षांत सवय झाली होती, पण नीट जमलं कधीच नव्हतं.

"आण इकडे," अण्णा म्हणाले.

ते पट्टी घेऊन खिडकीशी गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी ती बोटांतून सरकवली, उलटी केली, पुन्हा सरकवली. ते मास्तर होते. त्यांना कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"अण्णा, माझ्याच हातून बाटल्या..."

"तू हॉलवर होतीस," अण्णा वळले. "रोल मी धुतले. डार्करूममध्ये मी एकटा होतो... आणि हे तुला त्याच दिवशी कळलं होतं. हो की नाही?"

आक्का टेबलावरची दुसरी पट्टी पाकिटात घालू लागली.

"बावीस वर्षं!" अण्णांचा खणखणीत आवाज फुटला. "बावीस वर्षं मी तुला माफ करत आलो गं! येईल त्या पाहुण्यासमोर, मोठ्या मनाने! पोरीने घोटाळा केला पण मी अवाक्षर काढलं नाही, असं मिरवत आलो... आणि तू? तू ते ऐकत मला चहा ओतून देत होतीस?"

"त्या दिवशी साखर जरा कमी घालायचे," आक्का पुटपुटली.

भाऊ फिसकन हसला, चिवूने तोंडावर हात दाबला, आणि बघतात तर अण्णा स्वतःच गदगदून हसत होते, हसता हसता त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून अश्रूंच्या धारा वाहत होत्या, आणि तशाच अवस्थेत त्यांनी आक्कासमोर दोन्ही हात जोडले.

"अण्णा, असं काय करता!" आक्काने ते हात झटकन आपल्या हातांत धरले. "सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी स्टुडिओला कुलूप ठोकलं असतंत. मी ओळखते तुम्हाला."

"ठोकलं असतं," अण्णांनी निमूट कबूल केलं. "किल्लीसुद्धा फेकून दिली असती. गाढव होतो! तुझं सगळं आयुष्य पासपोर्टच्या चौकोनात कोंबलं मी..."

"तुम्हाला पुढे वीस वर्षं काम करताना बघितलं ना मी, डोळे भरून! मला सगळं मिळालं, अण्णा."

वहिनी अजून उभीच होती, एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरून. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आणि मी?" ती कशीबशी म्हणाली. "मी तुम्हाला काय काय बोलले, आक्का! लेकीसमोर बोलले, पाहुण्यांसमोर बोलले... आत्ता, घटकाभरापूर्वीसुद्धा बोलले! तुम्ही एकदा तरी मला दटावायचं होतं!"

"तुमचे वडील गेले होते, वहिनी. कुणावर तरी रागावायला हवंच होतं तुम्हाला. मी हाताशी होते."

हे ऐकलं आणि वहिनीचा धीर सुटला. बावीस वर्षांचं अंतर दोन पावलांत ओलांडून तिने आक्काच्या गळ्याला मिठी मारली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडू लागली. आक्का तिच्या पाठीवर थोपटत राहिली. तिच्याही डोळ्यांना खळ नव्हता, पण उरावरचा धोंडा कुणीतरी उचलून नेल्यासारखं तिला इतकं हलकं, इतकं आनंदाचं वाटत होतं की काय सांगावं!

बऱ्याच वेळाने वहिनीने नाक पुसलं. "आक्का... एक विचारू? त्या दिवशी बाबांचा फोटो काढला होता तुम्ही?"

"तीन काढले होते."

"तुम्हाला आठवतात?"

"माझे फोटो मला आठवणार नाहीत तर कुणाला?" आक्का म्हणाली, आणि बावीस वर्षांत प्रथमच तिच्या आवाजात फोटोग्राफरचा तोरा आला. "पहिला, तुम्ही सही करताना. ते मागे उभे होते, केस पाण्याने चापून बसवलेले, कपाळावर ओघळ आलेला. मला म्हणाले, माझा नको, तिचा काढा. मी दोघांचा काढला. दुसरा, हात धुवायच्या जागेतल्या आरशातला. तिथे एकटेच उभे राहून हसण्याचा सराव करत होते. निरोपाच्या वेळी रडू येऊ नये म्हणून! मी दारातून टिपला, त्यांना पत्ताही नव्हता."

"आणि तिसरा?"

"तिसरा माझा सगळ्यात आवडता. हॉलच्या पायरीवर तुम्ही दोघं बसला होतात. तुम्ही त्यांच्या पायांकडे बोट दाखवून काहीतरी म्हणालात, आणि ते असे खदाखदा हसले की मागे रेलले, दात दिसले, डोळे मिटले. काय म्हणाला होतात, ते मला कधीच कळलं नाही."

वहिनी गोंधळून बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलू लागला.

"मोजे!" ती ओरडली. "एक काळा होता, एक निळा! मी म्हटलं, बाबा, मी अजून घराबाहेर पडले नाही तोवर हे असं, उद्यापासून काय होणार तुमचं? अगं बाई... मी विसरलेच होते! साफ विसरले होते! मला त्यांचा चेहरा आठवायचा तो फक्त दवाखान्यातला... आणि ते हसत होते, आक्का! काय हसत होते!"

"हो. सबंध फोटोभर."

वहिनीने खुर्ची ओढली, आक्काच्या खुर्चीला अगदी चिकटवून ठेवली, आणि तिचा हात दोन्ही हातांत घेऊन ती ऐसपैस बसली.

"आता पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "एकही गाळायचा नाही. बहात्तरच्या बहात्तर हवेत मला."

"पहिला फोटो हॉलच्या दाराचा," आक्का म्हणाली. "तुम्ही अजून आत यायच्या होतात..."